पीएम किसानच्या नावानं फोन येऊन राहिले, ट्रूकॉलरनं थांबतात का?

कपाशीवाला, दारव्हा
बाबांच्या मोबाइलवर रोज चार-पाच फोन. "केवायसी राहिली, २००० चा हप्ता अडकला, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो, ती उघडा." एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून येते. ट्रूकॉलर टाकलं तर बंद होईल का? आणि आईच्या बटनाच्या फोनचं काय करावं?

पांदणरस्ता
भाऊ, ट्रूकॉलरवरचं नाव लोकांनीच दिलेलं असते. ठगानं नव्या सिमवर स्वतःचं नाव 'कृषी कार्यालय' टाकलं तर बाबांना तेच दिसते. डेटा बंद असला तर बहुतेक वेळा नुसता नंबर. एकेक नंबर ब्लॉक करण्यातही अर्थ नाही, त्यांच्याजवळ सिमची पेटी असते.

त्यापेक्षा सेव्ह केलेलेच नंबर वाजू द्या. सेटिंग्ज, साउंड, डू नॉट डिस्टर्ब, त्यात कॉल्स 'फक्त कॉन्टॅक्ट्स'. (कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात.) तिथंच 'रिपीट कॉलर्स' असते, ते बंद करा. ते चालू राहिलं तर १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा आलेला फोन वाजतो, आणि हे लोक लागोपाठच लावतात. अलार्मला मात्र मुभा ठेवा. थ्री-फेज रात्री असली की मोटरीसाठी उठायचं असते ना.

आधी कृषी सहायक, तलाठी, लाइनमन, जिनिंगवाला, गाडीवाला, दवाखाना हे सगळे सेव्ह करा. नाहीतर कापसाची गाडी फाट्यावर उभी आणि इथं फोन मुका. मिस्ड कॉल यादीत दिसतीलच. अनोळखी नंबरला बाबांनी उलटा फोन लावायचा नाही, हे त्यांना सांगून ठेवा.

तुरीचं_वावर
फोन त्रास देतो, पैसे नेते ती फाइल. नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असते. इन्स्टॉल केली की एसएमएसची परवानगी मागते, मग ओटीपी परस्पर ठगाकडे जातात. कधी आयकॉनही लपते, अन् तीच फाइल बाबांच्या नावानं गावच्या ग्रुपवर जाते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली तरी भरवसा नाही.

सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर, तिन्ही बंद. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालू पाहिजे. फोनवरचा माणूस तेच बंद करायला लावतो.

केवायसी सरकारी पोर्टलवर ओटीपीनं होते, नाहीतर सीएससी केंद्रात अंगठा देऊन. हप्त्याची शंका असली तर पीएम किसानच्या हेल्पलाइनला, १५५२६१ वर, आपण स्वतः फोन लावायचा.

कपाशीवाला, दारव्हा
फाइल आपोआप डाउनलोड झालेली दिसते. बाबा म्हणतात उघडली नाही.

तुरीचं_वावर
नुसत्या डाउनलोडनं काही होत नाही, 'इन्स्टॉल' दाबावं लागते. चॅटमधून आणि फाइल मॅनेजरमधून, दोन्हीकडून काढा. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद करा.

दाबलं असलं तर एअरप्लेन मोड लावा, सिम काढून साध्या फोनात टाका आणि बँकेला सांगून यूपीआय थांबवा. ॲप अनइन्स्टॉल होत नसेल तर 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' या दोन्ही ठिकाणी त्याची परवानगी काढून पाहा. तरी जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट. पैसे गेले असतील तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन), बाकी मग. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

संत्राबाग
आईच्या फोनात एपीकेची भीती नाही, पण ओटीपी विचारतात, नाहीतर '*२१* लावून हा नंबर दाबा' म्हणतात. त्यानं येणारे सगळे कॉल ठगाकडे वळतात, ओटीपी सांगणारा कॉलसुद्धा. *#२१# लावून पाहा. वळवलेलं दिसलं तर ##००२#. कोड चालला नाही तर कस्टमर केअरला सांगून काढा. पुष्कळ बटनाच्या फोनात कॉल सेटिंगमध्ये ब्लॅकलिस्ट असते, पण नंबर हातानं भरावे लागतात.

जाहिरातींचे फोन बंद करायला (डीएनडी) १९०९ वर 'START 0' असा मेसेज पाठवा, रोमन लिहायचं कंटाळवाणं वाटलं तर सरळ १९०९ ला फोन लावून करून घ्या. त्यानं जाहिरातवाले कमी होतात, ठग नाही. पैसे गेले नसतील तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'मध्ये तो नंबर नोंदवा.

कपाशीवाला, दारव्हा
*#२१# लावलं, काही वळवलेलं नाही. फाइल काढली. आता लाइनमनचा नंबर शोधतो, तो दर दोन महिन्यांनी सिम बदलते.