इंग्लंडमधली रानं आणि पाऊलवाटा : तुमचे अनुभव लिहा

एप्रिलचा तिसरा आठवडा उलटला की दक्षिण इंग्लंडच्या रानांत ब्लूबेल ही निळी रानफुलं फुलायला लागतात. झाडांना पूर्ण पालवी फुटून खाली सावली पडायच्या आत त्यांना सगळा संसार उरकायचा असतो, त्यामुळे हे तीनेक आठवडेच हाताशी असतात. भारतातून येणारे आपले लोक लंडन बघतात, फार तर स्टोनहेंजपर्यंत जातात आणि परततात. इथे वर्षानुवर्षं राहणारी कितीतरी मराठी घरंही तासाभराच्या अंतरावरच्या रानात कधी गेलेली नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, आणि रविवारचा दिवस सोडला तर गर्दीही नाही.

म्हणून हा धागा. कुठलं रान, कुठला ऋतू, काय पाहिलंत, कसे पोहोचलात, ते लिहा. माझं एक मत आधीच सांगते. इथलं जुनं रान माणसाच्या हाताखालून गेलेलं आहे. कोणी तोडलं, कोणी चारलं, कोणाचा त्यावर हक्क होता हे कळलं की तेच रान दुप्पट आवडायला लागतं. १६०० सालापासून सलग रान असलेल्या जागेला इंग्लंडमध्ये प्राचीन रान मानतात, आणि जमिनीवर गालिच्यासारखे पसरलेले ब्लूबेल ही त्याची एक खूण धरतात.

(रेडिंग)

*

आम्ही स्लावला राहतो. बाबा-आई आले होते तेव्हा त्यांना बर्नहॅम बीचेसला नेलं, स्लावपासून अगदी काही मैलांवर. समुद्रकिनारा नव्हे, बीच नावाच्या झाडांचं रान. बाबा रायगड जिल्ह्यातले, सगळं आयुष्य भातशेतीत गेलेलं. वाड्यात, संग्रहालयांत ते कंटाळले होते, इथे मात्र पाय निघेना.

तिथे बीचची आणि ओकची फार जुनी झाडं आहेत. बुंधा आखूड, जाडजूड, बऱ्याचदा आतून पोकळ, आणि डोक्याएवढ्या उंचीवरून एकदम पाच-सात फांद्या फुटलेल्या. बाबा एका झाडाभोवती फिरून आले आणि म्हणाले, "हे तोडत होते रे. राबाला तोडतात तसं." मी माहितीफलक वाचला तर नेमकं तेच. आमच्याकडे ऐनाच्या फांद्या उतरवतात, वाळवतात आणि रोपाच्या जागेवर राब भाजतात. इथे फांद्या जळणासाठी उतरवायचे. तोड गुरांच्या तोंडाच्या वर ठेवायची, म्हणजे नवे धुमारे गुरं खात नाहीत आणि खाली चराईही चालू राहते. अशी ठरावीक वर्षांनी उतरवलेली झाडं न तोडलेल्या झाडांपेक्षा जास्त जगतात.

पुढे दगडी कोळसा आला, जळणाची गरज संपली आणि तोड थांबली. फांद्या वाढत गेल्या, पोकळ बुंध्यांना भार पेलेना, झाडं मधून फाटायला लागली. १८८० साली लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने हे रान लोकांसाठी विकत घेतलं. आज त्यांची माणसं जुन्या झाडांचा भार एकेका फांदीने, वर्षानुवर्षं थांबत थांबत उतरवतात, कारण एकदम छाटलं तर म्हातारं झाड मरतं. तरुण झाडं नव्याने तशी तोडायला घेतली आहेत आणि चरायला गुरंही परत आणली आहेत. पोकळ बुंध्यांत वटवाघळं, कुजक्या लाकडात दुर्मीळ भुंगेरे राहतात, म्हणून पडलेलं लाकूडही उचलत नाहीत.

बाबांनी तिथल्या एका कर्मचाऱ्याला माझ्यामार्फत विचारलं, किती वर्षांनी फांदी उतरवता, कुठल्या महिन्यात. दोघं अर्धा तास बोलत होते, मी दुभाषा. इतकं खुलून बोलताना मी बाबांना त्या आख्ख्या मुक्कामात पाहिलं नव्हतं.

*

मी मुलीकडे ॲमरशॅमला आले आहे, सहा महिन्यांसाठी. वय ७१. गुडघे बरे नाहीत, पण चिल्टर्नच्या टेकड्यांतल्या वाटा जपून चालता येतात. ब्लूबेल पाहिले. निळा म्हणावा की जांभळा हे उजेडावर ठरतं. नातीने आधीच बजावलं होतं, "आजी, वाट सोडायची नाही." तिला शाळेत शिकवलंय की पानं तुडवली गेली की ब्लूबेलच्या जमिनीतल्या कांद्याला अन्न मिळत नाही, आणि बी रुजून फूल यायला पाच वर्षं तरी लागतात. कांदे उपटायला तर कायद्यानेच बंदी आहे, १९८१ पासून. सात वर्षांची पोर प्रत्येक पावलाला खाली बघून चालत होती.

ओढ्याकाठी एकदम लसणाचा वास आला. रानलसूण! पांढरी फुलं, रुंद पानं. शेजारच्या बाईंना त्यांच्या परसात उगवणारी पानं नीट ओळखता येतात, त्यांनी दिली, आणि आम्ही शेंगदाणे घालून चटणी केली. पण बायांनो, स्वतःहून खुडू नका. तशाच दिसणाऱ्या विषारी पानांची झाडं त्याच्याच शेजारी उगवतात.

आणि घारी! आपल्या घारीपेक्षा तांबूस, शेपूट चांगलंच दुभंगलेलं. मुलगी सांगते, इंग्लंडमधून त्या पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून इथे सोडली. आता घराच्या छपरावर घिरट्या घालतात.

*

आजी, तुम्ही फिरलात त्या बीचच्या रानांतच पूर्वी खुर्च्यांचे पाय घडायचे. कारागीर रानातच खोपट घालून, पायाने चालवायच्या लेथवर ओलं लाकूड कातायचे आणि पाय हाय विकमला खुर्च्यांच्या कारखान्यांत जायचे. चटणीची कृती जरूर लिहा.

(रेडिंग)

*

साउदॅम्प्टनला शिकतोय. न्यू फॉरेस्टला ट्रेनने ब्रॉकनहर्स्टला उतरायचं, बाहेर पडलं की थोड्याच वेळात रस्त्यावर तट्टं दिसतात. ती जंगली नाहीत. प्रत्येकाला मालक आहे. विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास हे शिकारीचं रान म्हणून राखलं, पण आसपासच्या काही घरा-जमिनींना गुरं चारायचा हक्क राहिला आणि तो आजही चालतो.

शरद ऋतूत जा, हे माझं आग्रहाचं सांगणं. तेव्हा रानात डुकरं सोडतात. ओकची हिरवी फळं तट्टांना आणि गुरांना बाधतात, डुकरांना चालतात, म्हणून डुकरांनी ती आधी खाऊन टाकायची! किती दिवस सोडायची ते दरवर्षी झाडांना फळं किती धरली ते बघून ठरतं. तट्टांना खाऊ घालू नका, दंड होतो. आणि गाड्यांजवळ यायची सवय लागली की ती रस्त्यावरच मरतात.

*

चालणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलही चालते. वाट शेतातून, कधी थेट कोणाच्या अंगणातून जाते आणि तरी ती सगळ्यांची असते. पीक उभं असलं तरी त्यातली वाट मोकळी ठेवणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० नकाशा कागदावर घ्या. रानात फोनला रेंज नसते. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद असेल तर मागे बंद करा. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला.

*

गोचिडीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी नर्स आहे. एप्रिल ते ऑक्टोबर लांब विजार घाला, ती मोज्यांत खोचा, घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडून सरळ वर ओढा, तेल-काडेपेटी काही नको. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जा. गोचिडीमुळे होणारा लाइम आजार वेळेवर धरला तर औषधाने बरा होतो.

मी ग्लॉस्टरशरला असते, फॉरेस्ट ऑफ डीनच्या कडेला. इथे रानडुकरं आहेत, पाळीव कळपांतून सुटून पुन्हा रानटी झालेली. सकाळी रस्त्याकडेचं गवत नांगरल्यासारखं दिसतं. कुत्रा साखळीवरच ठेवा.

*

केंटमध्ये गेली काही वर्षं हिवाळ्यात मी रानात काम करायला जातो. हेझलची झुडपं जमिनीलगत तोडायची, कोयत्याने फांद्या सवळायच्या. नवख्याला वाटतं आपण रानाचा नाश करतोय. पण त्या मोकळ्या तुकड्यावर ऊन पडतं आणि वसंतात पिवळे प्रिमरोझ, मागून ब्लूबेल असे उसळून येतात की सावलीतल्या भागाशी तुलनाच नको. हेझल सात ते दहा वर्षांत पुन्हा तोडायला येतो. म्हणून रानाचे तुकडे पाडून दरवर्षी एकेक तोडतात, आणि डॉरमाउस या उंदरासारख्या झोपाळू प्राण्याला दर टप्प्याची झाडी जवळजवळ मिळते. तोडलेल्या खुंटांवर काटक्यांचे ढीग रचतो, नाहीतर हरणं धुमारे खाऊन टाकतात.

ज्याने जीव तुटतो ती म्हणजे ॲशची झाडं. शेंड्याकडून वाळत येणारा बुरशीचा रोग इथे २०१२ साली नोंदला गेला आणि आमच्या रानातली मोठमोठी झाडं डोळ्यांदेखत गेली. वाटेवर कलणारी तेवढी पाडतो, बाकीची उभी ठेवतो, कारण काही झाडं तग धरून आहेत आणि बी त्यांच्याकडूनच यायचं आहे.

कोणाला यायचं असेल तर जवळच्या राखीव रानाच्या फलकावर स्वयंसेवकांचे दिवस लिहिलेले असतात. अवजारं तिथेच मिळतात, अनुभव लागत नाही, जाड बूट आणि डबा आपला. काम फेब्रुवारीअखेर थांबतं, पुढे पक्ष्यांची घरटी सुरू होतात. आता यायचं तर ऑक्टोबरात.