एका खोलीतलं वैर आणि प्रेम: कथा लिहिताना काय सांभाळावं?

एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन रूममेट्स हळूहळू प्रेमात पडतात, अशी कथा सांगली-मिरजेत घडवायची आहे. हा प्रकार भरपूर लिहिला-वाचलेल्यांनी नेमकं सांगा.

*

भांडण गैरसमजावर उभं करू नका. एका खुलाशात कथा संपते. दोघीही आपापल्या जागी बरोबर हव्यात. एकीची मिरजेत इस्पितळात नाइट ड्यूटी, ती सकाळी येऊन झोपणार. दुसरी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, गुंजणारा नाद, काढायला शिकतेय. त्यासाठी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, किंचित घासायची, तार छेडायची, दोरा सरकवायचा, पुन्हा तीच तार, तासन् तास. दोघींनाही सकाळचीच शांतता हवी. आता माघार कुणी घ्यायची? प्रेमही याच भांडणातून उगवू द्या: जिची झोप मोडते तिलाच एक दिवस डोळे मिटून कळतं, आता जवारी खुलली. त्यासाठी गुंड, अपघात नकोत. आजारपणातली सेवा तर नकोच, फार वापरून झालीय.

*

दोघी मुली असल्या तर घरमालक काही विचारत नाही. मुलगा-मुलगी केलीत तर लग्नाशिवाय एक खोली मिळणं कठीण. वाड्यात शेजारच्या दोन खोल्या आणि मोरी सामायिक ठेवा, पटेल. दोघींच्या कथेत काळ आधी ठरवा. समलिंगी संबंध गुन्हा नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं कायद्याची भीती गेली, घरच्यांची नाही.

*

पूर आणणार असाल तर खोली सांगलीच्या गावभागात, नदीजवळच्या जुन्या वस्तीत घ्या. कृष्णेचं पाणी एकदम अंगावर येत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी फुटाफुटानं चढते, 40 ला इशारा, 45 ला धोका. त्यामुळे धावपळीपेक्षा माळ्यावर आधी कुणाचं सामान चढतं, यात प्रसंग आहे. तंबोऱ्याचा भोपळा ओलीनं बिघडतो, हे नर्सला तोवर माहीत झालेलं असू द्या.

*

वेगाबद्दल. वीस प्रकरणं धरली तर पहिला मऊपणा सहाव्या-सातव्यात, तोही कृतीतून: सिलिंडर संपलाय, एकीनं न सांगता नंबर लावलाय, अर्धे पैसे मागितले नाहीत. कबुली पंधराव्याच्या पुढे. त्यानंतर सकाळच्या वेळेचं जुनं भांडण पुन्हा पेटवा, नाहीतर उरलेली प्रकरणं रिकामी पडतात. भांडताना जात, रंग, आईबाप यांवर मात्र कुणालाही जाऊ देऊ नका. तसं एक वाक्य तोंडून गेलं की पुढे कितीही हळवं लिहा, वाचक त्या पात्राला जवळ करत नाही.