रोइंगच्या शर्यती लाइव्ह दाखवायच्या आहेत, चारच स्वयंसेवक आहोत. मदत हवी आहे

दोन नंबर सीट
नमस्कार मंडळी. आमच्या बोट क्लबने यंदा आंतरमहाविद्यालयीन शर्यती ऑनलाइन दाखवायचं ठरवलंय आणि ते काम मी आनंदाने अंगावर घेतलंय. कोर्स २००० मीटरचा, सहा लेन. हाताशी दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि चार जण, सगळे हौशी. बऱ्याच खेळाडूंचे आईवडील लांब राहतात, काठावर येऊच शकत नाहीत. त्यांना शर्यत नीट कळावी एवढीच इच्छा आहे. कॅमेरे कुठे लावू? ड्रोन घ्यावा का? आणि शर्यत सुटते ती दोन किलोमीटरवर, तिथलं आम्हाला काहीच दिसत नाही. ती पहिली मिनिटं कशी भरून काढायची?

बिटरेट
ड्रोनसाठी आधी पंचांची आणि जागेच्या मालकांची परवानगी लागेल, शिवाय बॅटऱ्या बदलण्यात एक माणूस अडकेल. चौघांत परवडणार नाही. चॅनल नवीन असेल तर लाइव्हची सोय आजच सुरू करून ठेवा. यूट्यूबवर पहिल्यांदा ती चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. बाकी ओबीएस हे लाइव्ह पाठवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे.

काठावरून
बिटरेट यांच्याशी सहमत. मी बरीच वर्षं हे काम करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी आवाज, मग चित्र. चित्र अडकलं तरी माणूस ऐकत बसतो, आवाज गेला की उठून जातो. बीबीसीने १९२७ मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस रेडिओवर पहिल्यांदा थेट ऐकवली, टीव्हीवर ती आली १९३८ मध्ये. मधली अकरा वर्षं घरी बसलेल्यांनी थेम्सवरची ती जवळपास सात किलोमीटरची शर्यत केवळ कानांनी अनुभवली. म्हणून चौघांतला एक फक्त बोलायला ठेवा आणि दुसरा त्याच्या शेजारी फक्त कागद सांभाळायला. माइकवर केसाळ कव्हर हवंच, पाण्यावरचा वारा उघड्या माइकमध्ये नुसता घोंघावतो.

कागदावर काय हवं? लेन, कॉलेज आणि वल्ह्याच्या पात्याचा रंग. लांबून चेहरे ओळखू येत नाहीत, जर्सीही कळत नाही. पाण्यातून बाहेर येऊन वळणारं पातं तेवढं चमकतं. आदल्या दिवशी बोटी उतरवतात तिथे जा, प्रत्येक क्लबच्या पात्याचा फोटो काढा आणि लेनच्या क्रमाने एका पुठ्ठ्यावर लावून समालोचकासमोर ठेवा. पाहुण्या संघांकडे विशेष लक्ष द्या. ते बऱ्याचदा दुसऱ्याची वल्ही उसनी घेतात, मग रंग एकाचा आणि माणसं दुसऱ्याची. शर्यत सुटण्याआधी हे तपासलं नाही तर कुणाच्या तरी आईला पूर्ण सहा मिनिटं भलत्याच बोटीचं नाव ऐकू येतं. मला हे फार लागतं.

आता तुमची पहिली मिनिटं. ५०० आणि १००० मीटरच्या खुणेवर काठावर एकेक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा करा. क्लबमधले ज्युनियर हे काम हौसेने करतात. त्यांनी फक्त लेनचे आकडे सांगायचे: "चार, दोन, पाच." अंदाज नको, कौतुक नको. समालोचक त्या आकड्यांवरून नावं घेईल. त्याला शर्यतीच्या मागून जाणाऱ्या पंचांच्या लाँचमध्ये, म्हणजे मोटरबोटीत, बसवायचा मोह होईल, पण बसवू नका. १९४९ मध्ये बीबीसीचे जॉन स्नॅग लाँचमधून बोलत होते. इंजिन बंद पडलं आणि ऐन चुरशीच्या वेळी पुढे कोण आहे हेच त्यांना दिसेना.

एक कॅमेरा अंतिम रेषेच्या अगदी सरळीत हवा. बोटीच्या टोकावर पांढरा रबरी चेंडू असतो, तो आधी कुणाचा पोचला हे लोकांना बघायचं असतं. दुसरा शेवटच्या ५०० मीटरमध्ये, बाजूने आणि जमेल तितका उंचावर. रेषेमागून समोरचं दृश्य लांब लेन्सने फार देखणं दिसतं, पण त्यात अंतरं दबतात आणि पूर्ण एक बोट पुढे असलेला संघही बरोबरीत वाटतो.

पाण्याचा एक खास त्रास आहे. एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत जे बदलत नाही ते पुन्हा न पाठवून व्हिडिओचा डेटा वाचवला जातो. पाण्यात प्रत्येक लाट बदलत असते, वाचवायला काही उरतच नाही. डेटा कमी पडला की पाती आणि फेस यांचे चौकोन होतात. अशा वेळी १०८० रिझोल्यूशनचा हट्ट सोडून ७२०वर या, तेवढ्याच डेटात चित्र स्वच्छ दिसेल. अपलोडचा वेग जो मोजाल त्याच्या निम्माच धरून चाला, कारण फायनलला गर्दी होते आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू असू द्या.

बम्प्सवेडी
नदी अरुंद असेल तर सगळंच बदलतं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कॉलेजांच्या बम्प्स नावाच्या शर्यतींमध्ये बोटी एकामागोमाग साधारण दीड बोटीचं अंतर ठेवून सुटतात, पुढच्या बोटीला गाठायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघी जागा बदलतात. एका ठिकाणाहून शर्यत दिसतच नाही, काठावर जागोजागी माणसं लागतात. केंब्रिजमध्ये कॅम एफएम या विद्यार्थ्यांच्या रेडिओने बम्प्सचं समालोचन केलंय. तुमच्या सहा लेनलाही काठावरच्या माणसांचा हा आधार लागेलच.

दोन नंबर सीट
खूप आभार! पुठ्ठ्याचं काम आजच सुरू करते. एक शंका: कुणाची बोट उलटली किंवा वल्हं पाण्यात अडकून क्रॅब झाला, तर काय दाखवायचं?

काठावरून
बरं झालं विचारलंत, हे समालोचकाशी आधीच बोलून ठेवा. क्रॅब खेळाचा भाग आहे. बोट थांबली एवढं सांगा, सीट नंबर किंवा नाव घेऊ नका. बोट उलटली तर कॅमेरा ताबडतोब लांबच्या दृश्यावर न्या, पाण्यातल्या चेहऱ्यांवर झूम अजिबात नको. बचाव बोट निघालेली दिसली की "बचाव बोट निघाली आहे" म्हणा. "सगळे सुखरूप आहेत" हे वाक्य मात्र पंचांकडून निरोप आल्यावरच बोला, कितीही वाटलं तरी आधी नाही. घरी तेच ऐकायला कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतं. आणि त्या वेळी चॅटवर लक्ष ठेवायला एक माणूस मोकळा असू द्या.