बातमीपत्र निर्णयाच्या आधी यायला हवं

महापालिकेने वस्तीतल्या प्रतिनिधींना दर महिन्याला एक बातमीपत्र पाठवलं की माहितीचा प्रश्न सुटेल, असं काही जण म्हणतात. बातमीपत्र हवंच, पण त्यात बहुतेकदा होऊन गेलेल्या कामांची यादी असते. लोकांना कळायला हवं ते अजून न झालेल्या निर्णयांबद्दल. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी १९९९ साली शहराची नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, मंजूर केली आणि तिच्यातून तिथल्या नेबरहूड कौन्सिल्स, म्हणजे वस्तीवस्तीतल्या रहिवाशांच्या परिषदा, उभ्या राहिल्या. सनदेच्या कलम ९०७ नुसार नगर परिषद, तिच्या समित्या आणि मंडळांनी निर्णय घेण्याआधी या कौन्सिल्सना शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी लागते, मत मांडायला वाजवी संधीही द्यावी लागते. त्यांचं मत सल्ल्यापुरतंच असतं, बंधनकारक नाही. पण 'आम्हाला कळलंच नाही' ही वेळ येऊ नये याची सोय कायद्यातच आहे.

मी काही वर्षं रहिवासी संघाचं काम पाहिलं. रस्ता खोदण्याची सूचना हातात पडली तेव्हा खोदकाम सुरू होऊन चार दिवस झाले होते, आणि अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या दारापर्यंत रुग्णवाहिका पोचत नव्हती. हे आधी कळलं असतं तर एक बाजू मोकळी ठेवा एवढंच आम्ही सांगितलं असतं. तेव्हापासून कुठलीही सूचना आली की मी आधी एवढंच शोधतो: निर्णय कोणत्या बैठकीत होणार, आणि हरकत कुणाकडे, कधीपर्यंत द्यायची.