डोमेनच्या नावात ‘संत्रा’ घातला की साइट गूगलवर वर येते का?

मृगबहार
वरुड तालुक्यातल्या एका संत्रा रोपवाटिकेची वेबसाइट करायची आहे. जंबेरी आणि रंगपूर लाईमच्या खुंटावरची (मुळाकडच्या झाडावर बांधलेली) कलमं, एवढाच धंदा. गाडी डोमेनवर, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या नावावर, अडली आहे. एक पर्याय ‘वरुड-संत्रा-कलम’, म्हणजे लोक जे शोधतात तेच नाव. दुसरा, रोपवाटिकेच्या पाटीवर आहे ते.

माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. शोधशब्दाचंच डोमेन घ्यायचं, आत चार ओळी टाकायच्या आणि पहिल्या पानावर बसायचं, हा खेळ एकेकाळी खरंच चालायचा. सप्टेंबर 2012 मध्ये गूगलने त्यावर खास बदल केला. तेव्हाचे स्पॅमविरोधी विभागाचे प्रमुख मॅट कट्स यांनी तो जाहीर करताना अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्क्यांवर परिणाम दिसेल असं सांगितलं होतं. आज गूगलची नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिकाच सांगते, की डोमेनमधल्या किंवा पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जेमतेमच परिणाम होतो. मग पाटी सोडून दुसरं नाव कशाला?

पऱ्हाटी_वाला
भाऊ, 2012 चा बदल अर्धाच सांगितला. तो भुसा भरलेल्या साइटींवर होता. नावात शोधशब्द आणि आत चांगला मजकूर, अशांना त्याने हात लावला नव्हता.

शिवाय परिणाम फक्त थेट मोजू नका. कृषी केंद्रवाला किंवा एखादा बातमीवाला तुमची लिंक देतो तेव्हा बहुतेक वेळा नुसता पत्ताच चिकटवतो. लिंक ज्या अक्षरांवर असते, त्या अक्षरांवरून गूगल पुढच्या पानाचा विषय ओळखतो. पत्त्यात ‘संत्रा’ आणि ‘कलम’ असेल तर प्रत्येक लिंकसोबत ते शब्द फुकटात जातात. पाटीचं नाव म्हणजे नुसतं आडनाव असेल तर काहीच जात नाही. आणि व्हॉट्सॲपच्या गटात पत्ता पाहून माणूस आधी ओळखतो, मग दाबतो.

मृगबहार
लिंकचा मुद्दा मान्य, पण अशा लिंका मिळणार किती? तेवढं काम पानाचं शीर्षक करतं. ‘संत्रा कलमे, जंबेरी व रंगपूर खुंट, वरुड’ एवढं शीर्षकात आणि वरच्या मथळ्यात लिहिलं की विषय कळला.

उलट सर्वसाधारण नावाचे दोन तोटे आहेत. पहिला: निकालात पत्त्याच्या वर साइटचं नाव दिसतं. ते मुख्य पानावरच्या संरचित माहितीतून (गूगलला वाचता यावी म्हणून पानाच्या कोडमध्ये ठेवलेल्या नोंदीतून) देता येतं, पण नुसतं वर्णन असलेलं नाव गूगल सहसा उचलत नाही, ते फार प्रसिद्ध नसेल तर. तशा वेळी तिथे कोरडं डोमेनच दिसू शकतं.

दुसरा तोटा मोजमापाचा. सर्च कन्सोल म्हणजे गूगलचं साइटमालकांसाठीचं मोफत साधन; त्यात 16 महिन्यांचे शोध दिसतात. रोपवाटिकेच्या नावाने आलेले वेगळे गाळले, की उरलेल्यांवरून अनोळखी गिऱ्हाईक किती आलं ते कळतं. नावच ‘वरुड संत्रा कलम’ असेल तर तो शोध तुमच्यासाठी होता की कोणत्याही कलमासाठी, हे कसं ओळखायचं? त्या शोधावर साइट खाली घसरली तर नेमकं काय बिघडलं तेही कळत नाही.

खारपाणपट्टा
काहून बाप्पा एवढं डोकं लावता! फोनवर सांगून पाहा. वरुडला डब्ल्यू की व्ही? संत्रा, संत्रे की संतरा? मधल्या दोन आडव्या रेघा कोण सांगेल? ऐकणाऱ्याला एका दमात लिहिता येत नाही ते डोमेन बेकार.

पऱ्हाटी_वाला
हे मात्र खरं. आडव्या रेघा मीही काढेन. पण मग पाटीवरच्या नावालाही हीच परीक्षा लावा. आडनावात ‘ढ’ असलं की रोमन स्पेलिंगची तीन भावंडं तयार होतात.

ढोलीतला_पोपट
मग ‘डॉट भारत’ घ्या ना. शोधणारा मराठीत टंकतो, डोमेनही मराठीत. स्पेलिंगची भानगडच नाही.

मृगबहार
‘डॉट भारत’ 2014 पासून मिळतं आणि देवनागरी शब्द गूगलला वाचता येतात. अडचण कॉपी करताना येते. यंत्र आतून हे डोमेन ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत साठवतं. पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी तोच गिचमिड अवतार दिसतो, आणि लोकांना तो फसवणुकीचा वाटतो. त्या पत्त्यावरचा ईमेल अनेक फॉर्म स्वीकारतच नाहीत. जोडीला घ्या, मुख्य पत्ता करू नका. मुख्य साठी ‘डॉट इन’ पुरे. गूगल ते भारतासाठीचं धरतं, गिऱ्हाईक इथलंच आहे.

पऱ्हाटी_वाला
बरं, एक वेगळा डाव. मोर्शी, काटोल, नरखेड, परतवाडा, प्रत्येक गावाच्या नावाचं एकेक डोमेन घ्यायचं आणि सगळी एकाच रोपवाटिकेकडे वळवायची. खर्च फारसा नाही.

मृगबहार
हा डाव तर पहिल्यापेक्षा वाईट. गाव बदलून तोच मजकूर असलेल्या अनेक साइटींना गूगलच्या स्पॅम धोरणात ‘दाराची पानं’ (फक्त शोधातून माणूस ओढून दुसरीकडे नेणारी) या प्रकारात धरलं आहे. सापडलं की सगळ्याच साइटी खाली जाऊ शकतात, मूळसुद्धा. आणि मजकूर न ठेवता नुसती वळवली तर त्या रिकाम्या नावांची क्रमवारी लागणारच नाही, म्हणजे दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे फुकट. काटोलच्या शेतकऱ्यासाठी काही वेगळं सांगायचं असेल, गाडीभाडं, पोहोचवायचे दिवस, तर त्याच साइटवर एक पान करा.

‘जवळची संत्रा नर्सरी’ या शोधात तर डोमेन जवळपास बाजूलाच राहतं. नकाशावरच्या निकालात विषयाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी चालतात. तिथे बिझनेस प्रोफाइलचा, म्हणजे गूगल नकाशावरच्या धंद्याच्या नोंदीचा, प्रवर्ग बरोबर निवडा, वेळा आणि फोटो भरा. प्रोफाइलच्या नावात मात्र ‘वरुड संत्रा कलम स्वस्त’ असं घुसडू नका. पाटीवर नसलेले शब्द नावात टाकणं नियमाबाहेर आहे, कोणी तक्रार केली तर प्रोफाइल बंद पडू शकतं, आणि तेही ऐन लागवडीच्या दिवसांत.

खारपाणपट्टा
आणि ज्यायनं आधीच रेघांवालं डोमेन घेतलं, त्यायनं काय करावं?

मृगबहार
त्यावर शोध चांगले येत असतील तर बदलूच नका. बदलायचंच असेल तर दोन्ही डोमेन डीएनएसमध्ये (डोमेन जिथून घेतलं तिथल्या त्याच्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकून सर्च कन्सोलमध्ये पडताळून घ्या. मग जुन्या प्रत्येक पानाचं नव्याच्या त्याच पानाकडे 301 वळण, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नवा उघडेल असं कायमचं वळण, द्या. इथेच लोक घाई करतात. सगळी पानं मुख्य पानावर वळवली की खुंटाच्या पानाची जुनी लिंक मुख्य पानावर आपटते आणि गूगल ते पान हरवलं असंच धरतो. त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची नोंद करा. वळणं किमान वर्षभर ठेवा आणि जुनं डोमेन त्याहून जास्त काळ नूतनीकरण करत राहा. सोडलं की ते कोणीही उचलतो, आणि पावतीवर छापलेला पत्ता भलत्याच साइटवर उघडतो.

पऱ्हाटी_वाला
एवढं ऐकून मी अर्ध्यावर आलो, पूर्ण नाही. पाटीच्या नावापुढे ‘नर्सरी’ एवढा एक शब्द ठेवाच. ‘संत्रा’ नको हे पटलं, उद्या मोसंबी-लिंबाची कलमं ठेवली तर तेच नाव आड येईल. पण ‘नर्सरी’ शब्द लिंकसोबत जाऊ द्या.

मृगबहार
पाटीवर ‘रोपवाटिका’ लिहिलंय, भाऊ.

पऱ्हाटी_वाला
मग रोमनमध्ये ते कसं लिहिणार, ते आधी खारपाणपट्टाला फोनवर सांगून पाहा.