९४ पर्सेंटाइलला ‘चान्स शून्य’ कोणत्या आधारावर सांगता?

सातारकर:
काल एका मुलाने इथे विचारलं, इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९४ पर्सेंटाइल आहेत, ओपन कॅटेगरी, पुण्यात कॉम्प्युटर ब्रँच मिळेल का? लगेच उत्तर, ‘चान्स शून्य, विसर.’ बारावी कुठून केली एवढंही कुणी विचारलं नाही! कटऑफची, म्हणजे कुठलं कॉलेज किती पर्सेंटाइलवर बंद झालं त्याची, पीडीएफ उघडा. एकाच ब्रँचखाली होम युनिव्हर्सिटीचा (त्याच विद्यापीठाच्या भागातून बारावी केलेल्यांचा) रकाना वेगळा, बाहेरच्यांचा वेगळा, मुलींचा वेगळा.
माझ्या भाचीला असंच घाबरवलं होतं. तिने सेफ म्हणून पसंतीच्या यादीत घराजवळचं कॉलेज एक नंबरला टाकलं. पहिल्याच राउंडला तेच लागलं आणि ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच सीट पक्की, पुढचे राउंड बंद. हवं होतं ते कॉलेज शेवटी तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर बंद झालं. तो आकडा तिने बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

विनू_बाबा:
‘शून्य’ म्हणणारा मीच. माझ्या मुलाला सगळ्यांनी ‘मिळेल मिळेल’ म्हटलं. त्याने दहाच पर्याय भरले, सगळे टॉपचे. दोन राउंड कोरे गेले. रात्री दोनला मी साइट रिफ्रेश करत बसायचो. खोटी आशा काय करते ते मला विचारा.

सातारकर:
दहाच भरले ही चूक आहे, आशा धरली ही नाही. वर आवडीचं कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही.

मेरिट_नंबर:
मुळात पर्सेंटाइलवर भांडताय कशाला? परीक्षेला बसणारे वाढले की त्याच पर्सेंटाइलचा मेरिट नंबर, म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांक, मागे जातो. आणि २०२४ ला एसईबीसीचं (मराठा समाजासाठीचं) १० टक्के आरक्षण आलं, ईडब्ल्यूएसमधली, म्हणजे आर्थिक दुर्बल गटातली, बरीच गर्दी तिकडे वळली. २०२३ चे कटऑफ अजून कशाला फिरवताय?

कोकणी_आई:
हेच सांगायला अॅडमिशनच्या काउन्सेलरने आमच्याकडून पैसे घेतले! वर लॉगिनचा पासवर्डही घेतला आणि आम्हाला न दाखवता फॉर्म कन्फर्म केला. लूट आहे नुसती.

मेरिट_नंबर:
ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी हेच काम करतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी इंजिनिअरिंगला जातंय, त्यांनी ती पीडीएफ कशी वाचायची?

कोकणी_आई:
मग वाचायला शिकवा! पासवर्ड कशाला लागतो? माझ्या मुलीची चार वर्षं आहेत ती, तुमची नाहीत.

मेरिट_नंबर:
पासवर्ड घेणं चूकच. तेवढं मान्य. बाकी नाही.

विनू_बाबा:
२०२५ पासून दुसऱ्या राउंडला पहिल्या तीन पर्यायांपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काहीही लागलं तरी फ्रीझ होतं, हेही त्या पोराला सांगा. बरं, ‘शून्य’ मागे घेतो. पण खाली भरपूर सेफ कॉलेजं भरल्याशिवाय त्याला फॉर्म कन्फर्म करू देऊ नका.

सातारकर:
हे कालच लिहिलं असतंत तर भांडण झालं नसतं. बाळा, वाचत असशील तर बारावी कुठल्या जिल्ह्यातून केलीस आणि मेरिट नंबर काय, एवढं लिही. आज रात्री मी रकाने काढून देतो.