युरोपियन नागरिकत्व : नातं की नुसती रांग?

इसारकाठ : निशांत यांनी काल लिहिलं, "युरोपियन नागरिकत्व म्हणजे विमानतळावरची वेगळी रांग. राष्ट्राची ओढ त्यात नाही." वाचून रात्रभर चीड गेली नाही. म्युनिकमध्ये मला १४ वर्षं झाली, पासपोर्ट अजून भारतीयच. समोरच्या दारातली बाई पोलंडची, जर्मन नागरिकत्व घेतलेलं नाही. तरी महापालिकेची निवडणूक आली की तिच्या पेटीत मतदानाचं पत्र येतं. युरोपियन संघातल्या देशांच्या मास्ट्रिख्ट करारानं दिलेला हक्क आहे तो. माझ्या पेटीत कराची पत्रं तेवढी येतात. ही नुसती रांग?

निशांत : हे माझ्याच बाजूचं झालं. तिला मत मिळतं ते ती पोलंडची नागरिक म्हणून. आधी राष्ट्र, मग युरोप. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपियन संघातून बाहेर पडलं आणि ब्रिटिशांचं युरोपियन नागरिकत्व एका रात्रीत गेलं. लक्झेंबर्गच्या कोर्टानंही, म्हणजे युरोपियन संघाच्या न्यायालयानं, २०२२ मध्ये तसंच ठरवलं.

डिचोलीकर : आमच्यासारख्यांना कुठे बसवणार? बाबांचा जन्म १९५८ चा, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातला. त्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि ब्रिटन संघात असतानाच आम्ही इंग्लंडात स्विंडनला आलो. लिस्बन अजून पाहिलेलं नाही.

निशांत : भाषा येत नाही, देश पाहिला नाही. याला सोय म्हणतात.

डिचोलीकर : तोंड सांभाळून बोला! भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. नुसते गॅलरीत बसून होते. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, म्हणून एक सोडावं लागलं. पुढे गोदामात रात्रपाळ्या करून त्यांनी आम्हाला शिकवलं.

देवरूखची लेक : ओसीआय कार्डाचंही बोला की, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत देतो त्या! मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. माहेरच्या बांधाला लागून पाच गुंठे विकायला निघाले होते. आई म्हणाली घे. कायद्यानं घेता येईना. शेवटी परक्यानं घेतले आणि आमची वहिवाटीची वाट बंद केली.

डिचोलीकर : आमचीही तीच रड, ताई.

इसारकाठ : अहो, धागा युरोपचा आहे, गुंठ्यांचा नाही.

निशांत : डिचोलीकर, 'सोय' शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

इसारकाठ : वाट राष्ट्रातूनच जाते, एवढं मानते. म्हणून तर म्हणते, पाच वर्षं राहिलेल्याला युरोपनं थेट नागरिक करावं. जर्मनीनं जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व न सोडता अर्ज करायची मुभा दिली, पण माझा भारतीय पासपोर्ट तरीही जाणार. अर्ज भरून टेबलावर आहे. सही तेवढी राहिलीय.